प्रयोगाचं साहित्य पोचलं. मूल पोचलं का?

पुरुषोत्तमनगर म्हटलं की शहादा तालुक्यात कुणाच्याही डोळ्यांपुढे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना येतो. साखर कारखान्याच्या परिसरात एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, तो म्हणजे उतारा. शंभर किलो ऊस गाळल्यावर किती किलो साखर हाती आली, हे सांगणारा हा आकडा. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, ठरवली. त्यापुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जास्त. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात दशांश चिन्हापुढचा एकच अंक 3,460 रुपयांचा फरक करतो.

या आकड्यामागे शुद्ध विज्ञान आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत आधी रसाचा ब्रिक्स मोजतात, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण. त्यातली खरी साखर किती, हे पोलरीमीटर सांगतो. ध्रुवीकृत प्रकाश रसातून गेला की सुक्रोज त्याचं प्रतल उजवीकडे वळवते आणि किती वळलं त्यावरून तिचं प्रमाण कळतं. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की सुक्रोज फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि उतारा घसरतो. हाच भाग बारावीच्या रसायनशास्त्रात 'इन्व्हर्ट शुगर' या नावाने येतो. म्हणजे फडातल्या ऊसतोड मजुराला अनुभवाने ठाऊक असलेली गोष्ट आणि बारावीच्या पुस्तकातलं समीकरण एकच आहे.

मग त्या मजुराचं मूल त्या समीकरणापर्यंत किती वेळा पोचतं? विज्ञान शिक्षणावर खर्च होणाऱ्या पैशाची खरी कसोटी या प्रश्नात आहे. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती आणि साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. अशा जिल्ह्यात विज्ञान कसं रुजवायचं, याबद्दल आपल्याकडे संशोधन नाही असं नाही. त्यातलं काही तर खानदेशाच्याच मातीत झालेलं आहे.

खिरोद्याचा धडा

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी हे त्याचे संस्थापक-संचालक. केंद्राने सुरुवातीलाच जे ग्रामीण काम हाती घेतलं, ते जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राची माणसं तिथल्या परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांबरोबर काम करत होती. खेड्यातल्या वर्गात विज्ञान नेमकं कुठे अडतं, हे त्यांना मुंबईत बसून ठरवायचं नव्हतं.

कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलेलं एक उत्तर आजही पुरेसं ऐकलं गेलेलं नाही. मूल अनेकदा विज्ञानापाशी नव्हे, तर पुस्तकाच्या भाषेपाशी अडतं. त्यांनी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली, आशय मात्र तसाच ठेवला. सोप्या भाषेतून शिकलेल्या वर्गात मुलं जास्त बोलू लागली, प्रश्न विचारू लागली आणि त्यांचे गुणही वाढले. 1981 मध्ये कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. या सुधारणेला ना नवी इमारत लागली होती, ना परदेशी यंत्र.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न दुहेरी होतो. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या मुलाला शाळेतली मराठीच आधी शिकावी लागते. दहा वर्षं त्या मराठीतून विज्ञान शिकून तो अकरावीत पाऊल टाकतो, तर विज्ञान शाखेची पुस्तकं इंग्रजीत. एका आयुष्यात दोनदा भाषा बदलून जो टिकतो, त्याला आपण हुशार म्हणतो. जो गळतो त्याच्याबद्दल 'त्याला विज्ञान झेपत नाही' असा शेरा मारून मोकळे होतो. तो शेरा चुकीचा आहे, हे चाळीस वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे.

होमी भाभा केंद्राचा दुसरा प्रयोग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुलं आठवीत निवडून त्यांना दहावीपर्यंत सलग साथ दिली गेली. भर भाषेवर, प्रश्न विचारण्यावर आणि स्वतः प्रयोग करण्यावर होता. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी 1985 मध्ये या कामाचा वृत्तांत लिहिला. शालान्त परीक्षेत या मुलांचं यश ठळकपणे वर गेलं. कुवत आधीपासून होती. सलग तीन वर्षं पाठीशी राहणारं माणूस नव्हतं, ते मिळालं.

आवडतं, पण आपलं वाटत नाही

जगभरच्या संशोधनात एक वेगळी अडचणही पुन्हा पुन्हा दिसली आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये 2009 पासून लुईस आर्चर यांच्या गटाने हजारो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बहुतेक मुलांना विज्ञानाचा तास आवडत होता, पण शास्त्रज्ञ व्हायचंय असं म्हणणारी जेमतेम 15 टक्के होती. घरात, नात्यात, गावात विज्ञानाचं काम करणारं कुणी दिसत नसेल, तर आवड असूनही ते क्षेत्र परकंच राहतं.

त्याआधी 1983 मध्ये डेव्हिड चेंबर्स यांनी 4,807 मुलांनी काढलेली शास्त्रज्ञाची चित्रं अभ्यासली. त्यांत स्त्री शास्त्रज्ञ फक्त 28, आणि त्या सगळ्या मुलींनी काढलेल्या. नंतरच्या दशकांत अमेरिकेतलं हे प्रमाण बरंच सुधारलं, कारण मुलांना स्त्रिया त्या कामात दिसू लागल्या. पुरुषोत्तमनगरच्या परिसरात असं दिसणं अवघड नाही. उसाचा ब्रिक्स मोजणारा केमिस्ट, माती परीक्षण करणारा कृषी पदवीधर, शहाद्याच्या महाविद्यालयातली रसायनशास्त्राची प्राध्यापिका ही सगळी विज्ञानाचीच माणसं. त्यांची आणि शाळेतल्या मुलांची नियमित भेट व्हायला हवी.

आधी वर्गात असायला हवं

दिवाळी उलटली की नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली असंख्य कुटुंबं ऊसतोडीला निघतात, मोठ्या संख्येने दक्षिण गुजरातेत. खानदेशातून सुरत-बारडोलीकडे जाणाऱ्या या मजुरांवर समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी अनेक वर्षं संशोधन केलं आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुलं बरोबर जातात, नाही तर आजी-आजोबांकडे राहतात. दुसऱ्या सत्रातले बरेचसे प्रयोग याच महिन्यांत होतात. ते ज्या मुलाने पाहिलेच नाहीत, त्याच्यापुढे मार्चमध्ये प्रश्नपत्रिका येते.

म्हणून हजेरी हा विज्ञान शिक्षणातला पहिला विषय आहे. बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि मुला-मुलींमधली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली. शाळा जिथे लांब होती तिथे परिणाम अधिक होता. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली आणि शाळेच्या वेळेची एसटी मिळते, ती याच तत्त्वावर. हंगामी वसतिगृहाची सोय, डोंगरातून येणारी एसटी, मुलींसाठी स्वच्छतागृह यांना 'विज्ञानावरचा खर्च' असं कुणी म्हणत नाही. माझ्या मते तो विज्ञानावरचाच खर्च आहे, आणि पहिला.

पैसा येतो, पण कुणाकडे?

पैसा अजिबात येत नाही असं नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी 50 हजार लॅबची घोषणा झाली. इन्स्पायर-मानक योजनेत विद्यार्थ्याच्या निवडलेल्या कल्पनेला 10 हजार रुपये मिळतात. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50 हजार कोटींचा आराखडा मांडला गेला आहे. दुसरीकडे देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्क्यांवर अडकलेला आहे. 1963 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 पासून थांबली, ती थांबलेलीच आहे.

स्पर्धा आणि निवड यांवर चालणाऱ्या योजनांची एक अडचण उघड आहे. ज्या शाळेत आधीच जागा, वीज, इंटरनेट आणि विज्ञानाचा शिक्षक आहे, ती शाळा चांगला अर्ज करते. जिथे विज्ञानाची जागाच रिकामी आहे, त्या आश्रमशाळेतून अर्ज कोण भरणार?

अनुदान पोचलं म्हणजे शिक्षण पोचलं, असंही नाही. आंध्र प्रदेशातल्या शाळांना साहित्यासाठी दिलेल्या अनुदानाचा एक मोठा अभ्यास झाला. पहिल्या वर्षी अनुदान अनपेक्षित होतं, तेव्हा मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते येणार हे पालकांना आधीच ठाऊक होतं. त्यांनी वह्या-पुस्तकांवरचा स्वतःचा खर्च तेवढा कमी केला आणि गुणांवरचा परिणाम नाहीसा झाला. गरीब घराने वाचवलेला पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. तो त्यांच्या हक्काचा आहे. पण केवळ वस्तू पुरवून शिकणं वाढत नाही, हे त्यातून कळतं.

मग कशाने वाढतं? सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या काठी, त्याचा मोठा नमुना उभा राहिला होता. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 सरकारी शाळांपासून विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करून निष्कर्ष लिहीत. शिक्षकांचं प्रशिक्षण सुट्टीत होई, दर महिन्याला त्यांची बैठक भरे. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही असे. पुढे एकलव्य संस्थेने तो वाढवला आणि तो 15 जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत पोचला. 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षं तो चालला, कारण त्यात पैसा माणसांच्या भेटीगाठींवर खर्च होत होता. सरकारच्या एका निर्णयाने तो थांबला, कारण तो चालू ठेवण्याची ताकद गावांच्या हाती दिलेली नव्हती.

पुरुषोत्तमनगरला काय करता येईल

ती ताकद सहकाराच्या गावांत आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरा कारखान्यापासून महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी शाळा-महाविद्यालयं उभी केली. शहाद्यात पी. के. अण्णा पाटील यांनी कारखान्याबरोबरच पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळातून शिक्षणाचं मोठं काम उभं केलं. या परंपरेला आता पुढचं पाऊल टाकता येईल.

हिशेब साधा आहे. एखाद्या कारखान्याने हंगामात पाच लाख टन ऊस गाळला आणि टनामागे एक रुपया विज्ञानासाठी बाजूला काढला, तर दरवर्षी पाच लाख रुपये उभे राहतात. तेवढ्यात चकचकीत इमारत होणार नाही आणि ती करूही नये. परिसरातल्या जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळांच्या विज्ञान शिक्षकांची दर महिन्याला बैठक होऊ शकते. पावरी आणि भिली जाणणाऱ्या शिक्षकांकडून विज्ञानातल्या संज्ञांची सोपी पुस्तिका तयार होऊ शकते. गाळपाच्या हंगामात आठवी-नववीच्या मुलांना कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स मोजता येईल आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रसाचा सामू पाहता येईल. हंगामी वसतिगृहातल्या मुलांचे चुकलेले प्रयोग सुट्टीत पुन्हा घेता येतील. आणि हे एका वर्षाच्या उद्घाटनापुरतं नको, निदान आठवी ते दहावी अशी तीन वर्षं सलग हवं. सलगतेने काय होतं ते मुंबईच्या महापालिका शाळांत दिसलंच आहे.

सरकारच्या पैशाचा हिशेबही याच नजरेने मागायला हवा. किती शाळांना किट मिळालं, किती लॅबचं उद्घाटन झालं, एवढ्या नोंदी पुरेशा नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक बैठकीत पालकांनी दोन प्रश्न विचारावेत: या महिन्यात किती मुलांनी आपल्या हाताने प्रयोग केला? आणि ज्यांनी केला नाही, ती त्या दिवशी कुठे होती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे सापडेल, तिथे पुढचा रुपया खर्च व्हावा.