वीस डॉलरचं नाणं, आणि वर वीस डॉलर!

दहा रुपयांची चार नाणी तळहातावर घेऊन बघ. जड लागतात ना? अमेरिकेचं ‘डबल ईगल’ हे एकच नाणं त्याहून जड! जवळपास साडेतेहतीस ग्रॅम. दहा भागांत नऊ भाग सोनं, एक भाग तांबं. एका बाजूला मशाल घेतलेली स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला उडणारा गरुड. किंमत वीस डॉलर.

आता गंमत ऐक. 1933 साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अशी 4,45,500 नाणी पाडली. आणि नेमकं त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी फर्मान काढलं, लोकांनी आपली सोन्याची नाणी जमा करावीत! बँका बुडत होत्या आणि लोक घाबरून सोनं घरात दडवत होते ना, म्हणून.

मग नव्याकोऱ्या नाण्यांचं काय? वितळवली! पाहुण्यांसाठी लाडू वळावेत आणि पाहुणेच येत नाहीत म्हणून मोडून परत परातीत टाकावेत, तसं.

पण डब्यातले दोन-चार लाडू आधीच गायब होतात की नाही? इथंही झाले!

एक तर थेट इजिप्तला, राजा फारूककडे पोहोचलं. त्याला दुर्मिळ वस्तूंचा भारी नाद! 1952 मध्ये त्याचं राज्य गेलं. 1954 मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव निघाला. अमेरिका म्हणाली, ते नाणं आमचं! नाणं लिलावातून काढलं आणि... छू! चाळीसेक वर्षं पत्ताच नाही.

1996 मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात एक व्यापारी 1933चं नाणं विकायला आला. बहुधा तेच! आणि गिऱ्हाईक कोण निघालं? साध्या कपड्यांतली सरकारी माणसं!

बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली. शेवटी ठरलं, नाणं विकायचं, पैसे अर्धे अर्धे. 2002च्या लिलावात मिळाले 75 लाख 90 हजार डॉलर. आणि वर आणखी 20 डॉलर!

हे कसले? अरे, टांकसाळीतून ते रीतसर बाहेर पडलंच नव्हतं! म्हणजे सरकारदरबारी ती नुसती सोन्याची चकती. तिचं ‘नाणं’ व्हायला छापील किंमत भरावीच लागली. सरकारी हिशेब तो!

2021 मध्ये तेच नाणं सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरना गेलं. आणि 1924चं डबल ईगल? तोच गरुड, तेवढंच सोनं, पण ते अमेरिकेतल्या नाण्यांच्या दुकानात सहज मिळतं, साधारण सोन्याच्याच भावात. फरक फक्त दोन आकड्यांचा! म्हणून जमवणारे भिंग घेऊन आधी देवीच्या पायाशी बघतात. साल तिथंच असतं.