आमवात आहे? मग हालचाल हवीच!

मैत्रिणींनो, आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, आणि बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. निदान झालं की घरचे म्हणतात, "आता आराम कर, फार हालू नकोस." सल्ला मायेचा, पण चुकीचा! सतत पडून राहिलं की स्नायू सुकतात आणि सगळा भार सांध्यांवर येतो.

नेदरलँड्समध्ये सुमारे ३०० रुग्णांचा दोन वर्षं अभ्यास झाला, २००३ मध्ये तो छापून आला. जोरकस व्यायाम करणाऱ्यांची रोजची कामं करायची ताकद वाढली आणि आजार बळावला नाही. मात्र गुडघे-खांदे आधीच बरेच झिजलेले असतील, तर बेतानंच.

सकाळी बोटं आखडतात ना? कोमट पाण्यात हात बुडवून मुठी हळूहळू उघडा, मिटा. चालायला संध्याकाळी जा. मांड्यांसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांवर टिकलं, तर पुढच्या वेळी कमी करा. आजार उसळला की वजनं बाजूला ठेवा, पण सांधे हलक्यानं हलवत राहा.

आणि कळकळीनं सांगते, योगवर्गात शीर्षासन, सर्वांगासन, हलासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. या आजारात मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल पडू शकतात. हाताला मुंग्या किंवा मानेपासून डोक्यामागे कळ येत असेल, तर आधी मान तपासून घ्या.