प्रलयाचा मानवेतर साक्षी

जगाच्या नाशानंतरची कादंबरी एखाद्या प्राण्याच्या मुखातून वाचताना जो आनंद होतो, त्याचे मूळ प्राण्याच्या वाणीत नसून स्मरणात आहे. जुन्नर तालुक्यातील आळे येथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणास त्याच्या मुखी वेद वदविले, अशी श्रद्धा. परंतु ती वाणी माणसांची; रेड्यास स्वतःचे काय सांगावयाचे होते, हे आख्यायिकेत कोणी विचारीत नाही. ‘योगवासिष्ठा’तील भुशुंड कावळ्यास मात्र वसिष्ठ नेमके तेच विचारतात. बारा सूर्य तापले तेव्हा वारुणी, प्रलयवात सुटला तेव्हा पार्वती आणि सर्वत्र जल झाले तेव्हा वायवी धारणा करून आपण तगलो, असे तो शांतपणे सांगतो. ही अलिप्तताच वाचकास मोहविते: निवेदकास जे केवळ दृश्य, त्यात वाचक आपलाच अंत ओळखतो.

जुन्नर तालुक्यातच, बोरी येथे कुकडीकाठी, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती सुमात्रा बेटावरील टोबाची मानली जाते. कोणत्या उद्रेकाची, याविषयी मतभेद आहेत. त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारेही मिळाली आहेत. राख पडताना पाहिलेल्या पशुपक्ष्यांचे निवेदन तेवढे कल्पनेवर सोपविलेले आहे.