कणगी कोणाची?

खर्डा म्हटले की १७९५ ची लढाई सांगितली जाते. रब्बी ज्वारी काढणाऱ्या मजुराची लढाई कोण सांगणार? जामखेड तालुक्याच्या या भागात दाणा कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यासह कणगीत ठेवतात. ओल राहिली तर बुरशी धरते. ज्याची कणगी भरलेली, तो भाव येईपर्यंत थांबतो. अल्पभूधारक देणी भागवायला खळ्यावरच विकतो. भूमिहीन मात्र दुसऱ्याची कणगी भरून ज्वारी विकत खातो! म्हणूनच दादासाहेब गायकवाडांनी १९६४ च्या सत्याग्रहात भूमिहीनांसाठी पडीक जमीन मागितली. बंधू-भगिनींनो, कसलेल्या गायरानाचा सातबारा आपल्या नावे झाल्याशिवाय घरातली कणगी भरणार नाही. त्यासाठी संघटित व्हा!