टॉवेलचा शेक आणि तीन लाल दिवे

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम खेळण्याच्या यंत्राच्या पॉवर बटणाभोवती दिव्यांचे एक कडे होते. त्याचे चार भाग. यंत्र ठणठणीत असले की हिरवा दिवा लागे. चारही भाग लाल झाले, तर टीव्हीची केबल नीट बसलेली नाही. दोन लाल झाले, तर यंत्र फार तापले आहे. आणि तीन लाल झाले, तर आतला एखादा भाग निकामी झाला आहे. या तीन दिव्यांना गेम खेळणाऱ्यांनी 'रेड रिंग ऑफ डेथ' असे नाव दिले. २२ नोव्हेंबर २००५ ला हे यंत्र अमेरिकेत विक्रीला आले आणि थोड्याच काळात हे लाल कडे इतक्या घरांत दिसू लागले की त्यावरचा एक घरगुती उपायही तितक्याच वेगाने पसरला.

उपाय असा. पंख्याची वाट, बाजूची जाळी, सगळे झाकले जाईल अशा बेताने यंत्र जाड टॉवेलांत गुंडाळायचे. मग ते चालू करून पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवायचे. गरम हवेला बाहेर पडायला जागा नसल्याने यंत्र आतल्या आत तापत जाते. मग बंद करायचे, टॉवेल काढायचे, निवू द्यायचे आणि पुन्हा चालू करायचे. कित्येकदा तीन लाल दिवे जाऊन हिरवा दिवा लागे आणि खेळ सुरू होई.

यातली खरी अडचण हीच आहे की उपाय लागू पडत असे. तो साफ फसला असता तर आठवड्याभरात विसरला गेला असता. पण डोळ्यांदेखत मेलेले यंत्र जिवंत झाले, की कोणाचाही विश्वास बसणारच. ज्यांची वॉरंटी संपली होती, किंवा ज्यांच्याकडे परदेशातून आणलेले यंत्र होते आणि इथे दाद मागायला जागा नव्हती, त्यांच्याकडे दुसरा मार्गही फारसा नव्हता. त्यांना मूर्ख ठरवणे मला पटत नाही. चूक निदानात होती, आणि खऱ्या निदानाकडे बोट दाखवणारी खूण यंत्राच्या तोंडावरच होती: यंत्र तापल्याचा इशारा दोन दिव्यांचा होता, तीन दिव्यांचा नव्हे. शिवाय सिंकचे बटण दाबून धरून डिस्क बाहेर काढण्याचे बटण दाबत गेले, की दिव्यांच्या उघडझापीतून चार आकडी संकेत मिळत असे. त्यातला ०१०२ हा संकेत त्या काळी कुप्रसिद्ध होता. दुरुस्ती करणारे लोक त्याचा अर्थ लावत, 'सोल्डर सुटले आहे'. आपल्याकडच्या रिपेअरिंगच्या दुकानांत यालाच 'ड्राय सोल्डर' म्हणतात. हा अर्थ अर्धा बरोबर होता. सांधा सुटला होता खरा, पण कोणता?

चित्र रेखाटण्याची जबाबदारी असलेली ग्राफिक्स चिप म्हणजे एकच तुकडा नसतो. वर सिलिकॉनची नखाएवढी चकती. तिच्या पोटाला सोल्डरचे शेकडो सूक्ष्म ठिपके, आणि या ठिपक्यांवर ती एका छोट्या हिरव्या पट्टीवर बसवलेली. मधल्या फटीत डिंकासारखा घट्ट होणारा पदार्थ भरलेला, ठिपक्यांना आधार म्हणून. त्या पट्टीच्या खाली पुन्हा सोल्डरचे गोळे, आकाराने बरेच मोठे, आणि त्यांच्यामार्फत ही सगळी चवड मुख्य बोर्डाला जोडलेली. म्हणजे सांध्यांचे मजले दोन. वरच्या मजल्यावरचे सांधे बाहेरून दिसतच नाहीत.

आता उष्णता आणू. सिलिकॉन एक अंश तापले की दहा लाखांत सुमारे तीन भाग वाढते. खालची पट्टी त्याच्या जवळपास पाचपट वाढते. चिपची बाजू १४ मिलिमीटर धरली, तर मध्यापासून कडेपर्यंत ७ मिलिमीटर. खोलीच्या तापमानापासून ६० अंश वर गेल्यावर दोघांच्या वाढीत कडेपाशी सुमारे ५ मायक्रोमीटरचा फरक पडतो. पाच मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचाही छोटा अंश. पण ज्या ठिपक्याची उंचीच शंभर मायक्रोमीटरच्या आतबाहेर आहे, त्याचे डोके एकीकडे आणि पाय दुसरीकडे ओढायला तेवढे पुरते. यंत्र चालू केले की ओढ, बंद केले की उलटी ओढ. तारेचा तुकडा हाताने पुन्हा पुन्हा वाकवला की शेवटी तो तुटतो, तेच इथे घडते. कडेच्या एखाद्या ठिपक्याला तडा जातो आणि एक जोडणी जाते. अशा शेकडो जोडण्यांपैकी एखादी महत्त्वाची गेली, तरी यंत्र हात वर करते.

म्हणून बिघाड केवळ 'फार तापण्या'चा नव्हता, तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांचा होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'पॉवर ऑन: द स्टोरी ऑफ एक्सबॉक्स' या माहितीपटात त्या काळी एक्सबॉक्सच्या हार्डवेअरचे काम पाहणारे टॉड होल्मडाल यांनी हेच सांगितले. जोडण्या घटकाच्या आत तुटत होत्या, आणि यंत्र चालू-बंद होताना येणारा ताण त्याला कारणीभूत होता. खेळणारा मुलगा रोज संध्याकाळी यंत्र चालू करतो, रात्री बंद करतो, म्हणजे तो ते अगदी योग्य रीतीने वापरत असतो. दोष वापरणाऱ्याचा नव्हताच.

मग टॉवेलने काय होत होते? बहुतेकांची समजूत अशी, की उष्णतेने सोल्डर वितळून सांधा पुन्हा जुळतो. आकडे पाहिले तर ही समजूत टिकत नाही. त्या काळात कारखान्यांत शिसेविरहित सोल्डर रूढ होत होते. युरोपीय संघाचा शिशावरचा निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाला. कथील, चांदी आणि तांबे यांचे हे मिश्रण वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. जुने कथील-शिशाचे सोल्डरसुद्धा १८३ अंशांवर वितळते. टॉवेलात गुंडाळलेले यंत्र त्याच्या किती तरी आधी स्वतःहून बंद पडते, कारण आतला तापमापक त्याला पुढे जाऊच देत नाही. सोल्डर वितळत नव्हते. चकती, पट्टी आणि मधला आधार हे सगळे फुगून थोडे सरकत आणि तडा गेलेल्या सांध्याच्या दोन कडा पुन्हा एकमेकींना टेकत. टेकलेला सांधा वीज नेतो, पण तो जुळलेला नसतो. आणखी काही फेऱ्या झाल्या की तीन दिवे परत. आणि आपण दिलेली ती मोठी उष्णता म्हणजे त्याच थकलेल्या ठिपक्यांवर आणखी एक जबर फेरी.

उरलेल्या यंत्राचे काय होते, तेही पाहायला हवे. वीजपुरवठा गुळगुळीत करणारे डब्याच्या आकाराचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर साधारण १०५ अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेले असतात, आणि ढोबळ हिशेबाने दर दहा अंशांच्या वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते. आतला द्रव आटतो, डोके फुगते. डिस्क ड्राइव्हचे प्लास्टिक, पंख्याचे बेअरिंग, केबलची टोके यांपैकी काहीही अशा तापासाठी केलेले नाही. आणि कापसाचे कापड गुंडाळलेले, वीज चालू असलेले यंत्र खोलीत ठेवून लोक बाजूला होत. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

टॉवेलच्या पुढची पायरी होती 'एक्स-क्लॅम्प'ची. चिपवरचा, तिची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक बोर्डाखालच्या फुलीच्या आकाराच्या पोलादी स्प्रिंगने खेचून धरलेला असे. ही स्प्रिंग बोर्ड वाकवते म्हणून सांधे सुटतात, असा तर्क निघाला. स्प्रिंग काढायची, धातूच्या पेटीला भोके पाडायची, बोल्ट आणि वॉशर घालून हीटसिंक आवळायचा. पुढे काही जण पंखा काढून यंत्र दोन लाल दिवे लागेपर्यंत तापवत आणि गरम असतानाच बोल्ट आणखी पिळत. यातही यंत्र चालू होई, कारण दाबाने तडा मिटतो. पण चार कोपऱ्यांचे बोल्ट सारखेच पिळले जातील याची खात्री कोण देणार? एक कोपरा जास्त आवळला गेला की उघड्या सिलिकॉनच्या कडेचा टवका उडतो, आणि मग कोणताही उपाय उरत नाही.

सर्वांत वाईट प्रकार स्वयंपाकघरातल्या ओव्हनचा. प्लेस्टेशन ३ या दुसऱ्या गेम-यंत्राचे बोर्ड आणि काही ग्राफिक्स कार्डे लोकांनी दोनशे अंशांच्या आसपास आठ-दहा मिनिटे भाजली. त्याच सुमारास, जुलै २००८ मध्ये, एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या सदोष बांधणीपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. म्हणजे तिथेही दोष चिपच्या बांधणीतच होता. चिपच्या पोटाखालच्या ठिपक्यांत शिशाचे प्रमाण खूप जास्त असेल तर असे मिश्रण तीनशे अंशांच्या वर वितळते, म्हणजे ओव्हन तिथवर पोहोचतच नाही. वितळतो तो बाकीचा ऐवज. प्लेस्टेशन ३ च्या बोर्डाला बटणाच्या आकाराची लिथियम बॅटरी जोडलेली असते. ती काढायची राहिली तर ओव्हनमध्ये ती फुटू शकते. तापलेल्या बोर्डातून निघणारा धूर शेवटी कोणत्या भांड्यांवर बसतो, याचा विचार त्या ओव्हनमध्ये केक करणाऱ्यानेच करावा.

कंपनीला अखेर हिशेब चुकवावा लागला. अमेरिकेत आधी नव्वद दिवसांची असलेली वॉरंटी २००६ च्या अखेरीस एक वर्षाची झाली, आणि ५ जुलै २००७ ला मायक्रोसॉफ्टने तीन लाल दिव्यांसाठी ती तीन वर्षांची केली. त्यासाठी कंपनीने १०५ ते ११५ कोटी डॉलर बाजूला काढले. पुढे बांधणी सुधारत गेली आणि २०१० च्या छोट्या मॉडेलमध्ये दोन मुख्य चिपा एकाच पुडक्यात आल्या. मला वाटते, वॉरंटीसाठी काढलेल्या त्या रकमेचे मोठे श्रेय तक्रार करणाऱ्या ग्राहकांना आहे. टॉवेलने यंत्र काही दिवस चालू ठेवणारा ग्राहक मात्र तक्रारीच्या मोजणीतून तेवढे दिवस बाहेर राहिला, आणि त्याच दिवसांत त्याची मुदत सरत गेली.

आजच्या यंत्रांत धोक्याची जागा बदलली आहे. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये नेहमीच्या उष्णतावाहक पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. गॅलियमचे हे मिश्रण उष्णता उत्तम नेते, पण वीजही नेते. सील उघडून त्याचा थेंब शेजारच्या घटकांवर गेला तर शॉर्ट सर्किट होते, आणि ॲल्युमिनियमला लागला तर तो धातू ठिसूळ होत जातो. 'जरा पेस्ट बदलून बघू' म्हणून हीटसिंक उचलण्यासारखे हे यंत्र नव्हे. शिवाय त्याचा वीजपुरवठा आतच असतो. आपल्या २३० व्होल्टच्या विजेतून त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्याही वर दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

घरच्या घरी करण्यासारखे आहे ते साधे. यंत्र बंद टीव्ही-कपाटात कोंबू नये, मागे आणि बाजूला वीतभर जागा सोडावी, प्लग काढून जाळ्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढावी. हवा मारायचीच तर पंखा काडीने अडवून धरावा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. पंख्याचा आवाज वाढत चालला असेल तर यंत्र बंद पडायची वाट न पाहता जाणत्या माणसाकडे न्यावे आणि वॉरंटी असेल तर आधी तीच वापरावी.

सांधा तुटलेल्या जुन्या यंत्रांसाठी टिकणारा उपाय एकच निघाला: चिपच बदलणे. खालचे गोळे नवे घालण्याचे 'रीबॉलिंग' वरच्या मजल्याला स्पर्शही करत नाही. प्लेस्टेशन ३ च्या पहिल्या बोर्डांवरची ९० नॅनोमीटरची ग्राफिक्स चिप काढून तिथे नंतरच्या मॉडेलची कमी तापणारी चिप बसवणारे कारागीर आज आहेत. हे काम खालून-वरून मोजून उष्णता देणाऱ्या यंत्रावरच होते. त्यासाठी बोर्ड सपाट लागतो आणि त्यावरची तांब्याची टिकली न् टिकली जागेवर लागते. ओव्हनमध्ये भाजून वाकलेल्या बोर्डावर अशी चिप बसवणे अवघड होऊन बसते.