तिश्रीची चौथ आणि नवा तांदूळ

माणगाव तालुक्यातील भात एकदम कापणीला येत नाही. हळवे, निमगरवे आणि गरवे अशा तीन टप्प्यांनी ते पिकते, आणि नव्या धान्याचे कोकणातील सारे विधी या टप्प्यांवर बेतलेले आहेत. हळवे म्हणजे कमी दिवसांत तयार होणारे, बहुधा उंचावरच्या, पाणी लवकर उतरणाऱ्या जमिनीतले भात, तर गरवे म्हणजे खोलगट शेतात पाणी धरून उशिरापर्यंत उभे राहणारे. हळव्याच्या लोंब्या भरल्या की त्यांतील चार लोंब्या, नाचणी-वरीची कणसे, कुरडूचे फूल आणि झेंडू आंब्याच्या पानात एकत्र बांधून दाराच्या चौकटीला, देवघराला आणि कणगीला लावतात, आणि या जुडीलाच 'नवं' म्हणतात. कोणाकडे ते दसऱ्याला बांधले जाते, कोणाकडे नवान्न पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला. गोव्यातील हिंदू घरांत हाच विधी गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी होतो. हे सारे वाचकांना परिचितच आहे. त्याच भाताचा आणखी एक सण रायगडच्या किनाऱ्यावर पाळला जात असे, हे मात्र फारसे कोणी लक्षात ठेवलेले नाही, आणि तो पाळणारे लोक ज्यू होते.

माणगावहून पश्चिमेला निघालेला रस्ता मोर्बा, म्हसळा करीत श्रीवर्धन आणि दिवेआगरकडे जातो, उत्तरेचा महामार्ग कोलाडवरून रोहे-अष्टमीची वाट दाखवतो, आणि या गावांची नावे दिवेकर, रोहेकर, अष्टमकर अशा आडनावांतून बेने इस्राएल समाजाने आजवर जपली आहेत. 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची मुले. हा समाज मराठी बोलणारा, घाण्यावर तेल गाळणारा आणि शेती करणारा होता, व शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे त्याला 'शनिवार तेली' असे नाव पडले होते. त्याच्या परंपरेनुसार गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया अलिबागजवळच्या नवगावला किनाऱ्याला लागल्या, आणि पुढच्या पिढ्या कुलाब्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, खेड्यापाड्यांत पसरल्या.

या समाजाच्या जुन्या सणांची सविस्तर नोंद केली ती हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. किहीमवरून आडनाव घेतलेल्या घराण्यातील केहिमकर हे मुंबईतील इस्रायली शाळेच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत 1897 मध्ये लिहून पुरा केला. परंतु ते हस्तलिखित चाळीस वर्षे तसेच पडून राहिले. भारतात आलेले विद्वान इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या प्रयत्नाने ते 1937 मध्ये तेल अवीवला छापले गेले, तेव्हा लेखक हयात नव्हते. कोकणातील खेड्यांच्या चालीरीतींवरचा इतका तपशीलवार ग्रंथ कोकणापासून एवढ्या दूर प्रसिद्ध व्हावा, आणि मराठी अभ्यासकांनी त्याची दखल जेमतेम घ्यावी, हे आपल्याकडच्या स्थानिक इतिहासलेखनाला फारसे भूषणावह नाही.

केहिमकरांनी दिलेल्या यादीत नव्याचा सण आहे, शिळा सण आहे, होळीचा सण आहे आणि बिरड्याचा सणही आहे. यांतला बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिवस, ज्या दिवशी मोड आलेल्या वालाचे बिरडे खायचे. रायगडच्या वालाला याहून दूरची सोयरीक क्वचितच लाभली असेल. परंतु या यादीतील सर्वांत लक्षणीय नोंद आहे ती खिरीच्या सणाची. हिब्रू पंचांगाच्या तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी नव्या धान्याची, नारळाचा रस घातलेली गोड खीर करीत, ऊद जाळीत, 'शेमा' म्हणजे देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ज्यू प्रार्थना म्हणत आणि मग ती खीर घरातले सगळे खात. आदल्या दिवशी, तिसऱ्या तिथीला, नव्याचा रोजा हा उपवास असे. खिरीच्या सणासाठी ना प्रार्थनामंदिर लागत होते, ना धर्मगुरू. चूल, नारळ आणि हळव्याचा तांदूळ एवढे पुरे होते.

ही यादी केहिमकरांनी केवळ आठवण म्हणून दिलेली नव्हती, तर तिच्यामागे एक वाद होता. समाजाला ज्यू धर्माचे शिक्षण पुन्हा देणारा दावीद राहाबी हा पुरुष केव्हा होऊन गेला, यावर मतभेद होते. केहिमकर त्याला इसवी सन 1000 च्या सुमारास नेत, तर इतर अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्यात शोधत. केहिमकरांचे म्हणणे असे की मराठी नावांचे सण राहाबीपूर्वीचे, आणि 'रोजा', 'रमजान', 'उरूस' अशा नावांचे आचार नंतर आलेले. शिवाय हनुक्का हा इसवी सनापूर्वी 165 च्या सुमारास सुरू झालेला सण समाजाला ठाऊकच नव्हता, तेव्हा पूर्वजांनी मायभूमी त्याआधीच सोडली असली पाहिजे. हा युक्तिवाद चातुर्याचा आहे, पण टिकणारा नाही, कारण शेकडो वर्षे ग्रंथांशिवाय राहिलेला समाज एखादा सण विसरूही शकतो, आणि विस्मरणावरून प्रस्थानाची तारीख काढता येत नाही.

खिरीच्या सणाचे खरे मोल वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ते पंचांगे शेजारी ठेवली म्हणजे दिसते. ज्यूंचा शास्त्रोक्त सुगीचा सण 'सुक्कोत', म्हणजे पानाफांद्यांच्या मांडवात राहण्याचा सण, तिश्रीच्या पंधराव्या तिथीला सुरू होतो. हिब्रू पंचांग आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्र महिन्यांचे असून ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतात. त्यामुळे तिश्रीची पौर्णिमा पुष्कळदा कोजागरीलाच येते. 2024 मध्ये सुक्कोतची पहिली संध्याकाळ 16 ऑक्टोबरची होती आणि कोजागरीही त्याच दिवशी होती. 2025 मध्ये दोन्ही 6 ऑक्टोबरला आल्या. तिश्रीचा पहिला दिवस, म्हणजेच नव्याचा सण, 2024 मध्ये घटस्थापनेच्या दिवशीच, 3 ऑक्टोबरला आला. दोन्ही पंचांगांचे अधिक महिने मागेपुढे पडले की मात्र तिश्री भाद्रपदात सरकतो, आणि 2023 मध्ये तिश्रीची चौथ 19 सप्टेंबरला, नेमकी गणेश चतुर्थीला होती. म्हणजे खिरीचा सण कधी नवरात्रात, तर कधी गणपतीत पडतो, आणि कोकणातल्या शेजाऱ्यांची नव्या भाताची चाहूलही याच काळातली आहे.

खिरीचा सण म्हणजे विसरलेल्या सुक्कोतची मोडतोड, असे मानण्याचा मोह होतो. परंतु सुक्कोत हा कोरड्या उन्हाळ्याच्या शेवटी द्राक्षे आणि फळे घरात आणण्याचा सण आहे, आणि कोकणात त्याच वेळी परतीचा पाऊस पानांचा मांडव भिजवीत असतो. शिवाय पौर्णिमेला हळव्याची कापणी उरकायची घाई असते. पहिल्या लोंब्यांची खीर चौथीलाच करणाऱ्यांनी शास्त्राची तिथी चुकवली नव्हती, तर शेताची तिथी पाळली होती. केहिमकरांना या सणात पॅलेस्टाइनमधल्या प्राचीनतेचा पुरावा हवा होता. त्यांनी प्रत्यक्षात नोंदवून ठेवला तो पुरावा मात्र हा समाज कोकणाच्या मातीत किती खोल रुजला होता याचा आहे.

पुढे 1833 मध्ये कोचीनचे ज्यू धर्मशिक्षक शेलोमो सालेम शुर्राबी मुंबईत आले, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण शिकवायला घेतले, गावोगाव प्रार्थनामंदिरे उभी राहिली, आणि ग्रंथात नसलेली खीर ग्रंथातल्या सुक्कोतपुढे मागे पडली. गूळ, खोबरे घालून केलेल्या पोह्यांचा मलिदा मात्र एलियाहू हानबीच्या, म्हणजे संदेष्टा एलिया याच्या, नावाने टिकला, आणि 1948 नंतर इस्राएलला गेलेल्या घरांतही तो होतो. तोही भाताचाच पदार्थ आहे.

रोहे, म्हसळा, माणगाव, अलिबाग या तालुक्यांतील जुन्या घरांत शनिवार तेल्यांचे शेजारी आठवणारी माणसे आता थोडीच उरली असतील. त्यांच्याकडून खिरीची कृती, तिला लागणाऱ्या भाताच्या वाणाचे नाव आणि तो पिकवणाऱ्या शेताचा ठिकाणा लिहून घेण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी येत्या सुगीतच हाती घ्यावे.