तपासायला गेलेला तुकडा

आमच्या फूफींच्या गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा डाग होता. किती दिवसांपासून, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. लग्न होऊन खुलताबादला आल्या तेव्हापासून त्यांना मिश्रीची सवय. सकाळी चूल पेटण्याआधी डबी उघडायची, बोटावर घ्यायची, हिरड्यांवर घासायची. डाग पडला तर त्या म्हणाल्या, "उष्णता झाली असेल." आठ महिन्यांनी तिखट लागेनासे झाले, तोंड पुरते उघडेना, तेव्हा घरात कळले.

शहरातल्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी तुकडा काढला. मुगाच्या डाळीएवढा. एका छोट्या बाटलीत घालून बाटली आमच्याच हातात दिली, म्हणाले, लॅबला नेऊन द्या. शुक्रवारची संध्याकाळ होती, लॅब बंद झालेली. आम्ही बाटली घेऊन खुलताबादला परत आलो, ती फ्रिजमध्ये ठेवली आणि सोमवारी दिली. नऊ दिवसांनी अहवाल आला. पेशी खराब झाल्या आहेत, निदान करता येत नाही, पुन्हा नमुना पाठवा. बाटलीत फॉर्मालिन नव्हते, साधे सलाईन होते. ते कुणी भरले, हे आम्हाला कधीच कळले नाही. पण बाटलीत काय आहे, एवढे तरी आम्ही विचारायला हवे होते. रोज मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारे आम्ही, तिथे मात्र गप्प बसलो.

फूफींचा सवाल साधा होता. "इत्ते से टुकडे में क्या दिखता रे?"

त्या सवालाच्या मागे लागून आम्ही जे वाचले, विचारले, पाहिले, ते या लेखात सांगत आहोत.

आपल्याकडे पॅथॉलॉजी म्हटले की रक्त-लघवी तपासणारे दुकान डोळ्यांसमोर येते. तिथे बसतो तो बहुधा तंत्रज्ञ. पॅथॉलॉजिस्ट हा एमबीबीएस होऊन वर तीन वर्षे एमडी केलेला डॉक्टर असतो. मराठीत त्याला विकृतिशास्त्रज्ञ म्हणतात, पण बोलताना कुणी म्हणत नाही. रुग्ण त्याला ओळखत नाही. गाठ कापणारा सर्जन लक्षात राहतो, औषध देणारा लक्षात राहतो. ही गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे ज्याने ठरवले त्याचे नाव अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात असते.

आमचा एक जुना विद्यार्थी शहरात एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. त्याने आम्हाला सगळे दाखवले. तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरवतात. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन हवे, तरच पेशी होत्या तशा थांबून राहतात. मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या चौकोनी वडीला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे यंत्रावर काप काढतात, जाडी साधारण चार मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाचा पंधरावा-विसावा भाग. काप कोमट पाण्यावर तरंगत सोडून काचेवर उचलतात. नंतर दोन रंग. पेशीचे केंद्रक जांभळे होते, बाकीचा भाग गुलाबी. "टीचर, आता बघा," तो म्हणाला. आम्ही सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. गुलाबी मैदानात जांभळे ठिपके. आम्हाला तर उरुसातली गर्दी वरून पाहिल्यासारखे वाटले. पॅथॉलॉजिस्ट त्या गर्दीत बघतो की कुणाचे केंद्रक नको तेवढे मोठे झाले आहे, कोण रांग मोडून खालच्या थरात घुसले आहे.

हे काम डोळ्यांचे आणि सवयीचे. एका काचेवर लाखो पेशी असू शकतात, आणि दिवसभरात अशा कितीतरी काचा. माणूस थकतो. दोन जाणकारांचे मतही कधी कधी जुळत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत या टेबलावर संगणक आला आहे. काचेचे भल्या मोठ्या तपशिलाने स्कॅनिंग करतात. एका काचेची फाईल एक जीबी किंवा त्याहून मोठी होते. हे चित्र संगणकाचा प्रोग्राम तुकड्या-तुकड्याने वाचतो आणि संशयाची जागा दाखवतो. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

पण हा प्रोग्राम शिकतो कुठून? शिक्षक म्हणून आम्हाला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि याची हकीकत आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. स्वप्निल राणे संगणकीय पॅथॉलॉजीत काम करतात. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक अमित सेठी आहेत, ते इंजिनीअर. सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये सात अवयवांच्या 30 चित्रांमधील 21 हजारांहून अधिक पेशी-केंद्रके एकेक करून आखली आणि तो संग्रह जगाला खुला केला. पुढे 2020 मध्ये राणे, सेठी आणि इतरांनी मिळून आणखी मोठे काम मांडले. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड आणि प्रोस्टेट हे चार अवयव, 71 रुग्ण, 37 रुग्णालये आणि 46 हजारांहून अधिक केंद्रके. या वेळी नुसती कड आखून भागणार नव्हते. पेशी कोणत्या जातीची, हेही लिहायचे होते. शरीराची लढाऊ पेशी की कॅन्सर जिच्यातून उगवतो ती आवरणाची पेशी? मग जगभरच्या संशोधकांना आवाहन केले की, हा घ्या धडा, तुमच्या प्रोग्रामला शिकवा आणि परीक्षेला बसवा.

46 हजार केंद्रके कुणी आखली? इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी पडद्यावर रेषा ओढल्या आणि तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टने त्या तपासल्या, चुका दुरुस्त केल्या. म्हणजे वह्या तपासण्याचेच काम! ज्यांनी एका सहामाहीत चार वर्गांच्या वह्या तपासल्या आहेत त्यांना 46 हजार म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. यंत्राच्या हुशारीची बातमी छापून येते, त्यामागे कुणीतरी डॉक्टर बसून "ही लिम्फोसाइट आहे, ही नाही" असे हजारो वेळा सांगत असतो.

यंत्र खरोखर किती हुशार झाले आहे? नेदरलँड्समधील एका स्पर्धेचा निकाल 2017 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या काखेतील गाठींच्या 129 काचा होत्या. कॅन्सर तिथवर पसरला आहे का, हे सांगायचे होते. 11 पॅथॉलॉजिस्टना साधारण दोन तास दिले, रोजच्या कामाच्या घाईसारखे. सर्वांत चांगला प्रोग्राम त्यांच्यापेक्षा सरस ठरला. अगदी बारीक पसरलेला कॅन्सर घाईत माणसांच्या नजरेतून सुटत होता. पण आणखी एक पॅथॉलॉजिस्ट होता, त्याला वेळेचे बंधन नव्हते. त्याने 30 तास घेतले आणि तो चांगल्या प्रोग्रामांच्या बरोबरीला राहिला. वर्तमानपत्रांनी "यंत्राने डॉक्टरांना हरवले" असे मथळे दिले. आम्हाला त्यातून वेगळेच दिसते. ज्या देशात पॅथॉलॉजिस्टला एका काचेला मिनिटभरही मिळत नसेल, तिथे मदतनीस हवाच. 2021 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने प्रोस्टेट कॅन्सरच्या काचा वाचणाऱ्या प्रोग्रामला पहिल्यांदा मान्यता दिली, तीही पॅथॉलॉजिस्टच्या मदतीला म्हणूनच. अहवालावर सही माणसाचीच.

आता एक अडचण. खारघर-पवईच्या त्या संग्रहातील चित्रे मूळची कुठली? अमेरिकेतल्या एका सार्वजनिक संग्रहातली. काचा तिकडच्या, मेहनत इकडची. याने फरक पडतो का? पडतो. मुंबई विद्यापीठातून 1998 मध्ये पदवी घेतलेले आणि आज अटलांटाच्या एमरी विद्यापीठात असलेले इंजिनीअर अनंत मदभूषी यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवून दिले की कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये गाठीभोवतीच्या ऊतींची ठेवण वेगळी असते. त्यांच्याच काचांवर शिकवलेला प्रोग्राम त्यांचा आजार परत उलटेल का, हे अधिक बरोबर सांगतो. शिवाय प्रत्येक लॅबचा रंग निराळा. एकीकडचा गुलाबी दुसरीकडे जांभळट. काचेवर हवेचा बुडबुडा किंवा कापाला पडलेली घडीही यंत्राला फसवते.

आणि आपला आजार तर खास आपलाच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होत्या. त्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक मानतात. त्यांनी 1944 मध्ये मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ना संगणक, ना स्कॅनर. सूक्ष्मदर्शक आणि नोंदवही. त्यानंतर ऐंशी वर्षे गेली. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली आणि पुडी तरीही कुठे मिळते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. रमजानमध्ये दिवसभर ज्यांना गुटखा लागत नाही, तेच इफ्तारच्या खजुरानंतर दहा मिनिटांत पुडी फाडतात. हे आम्ही आमच्याच गल्लीत पाहतो. बायकांची मिश्री तर तंबाखूत धरलीच जात नाही. तिला दंतमंजन म्हणतात.

म्हणून टाटा मेमोरियलने हाती घेतलेली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. भारतीय रुग्णांच्या चित्रांची पेढी. स्कॅन, एमआरआय आणि पॅथॉलॉजीच्या काचा, सगळे एकत्र. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा निधी, सोबत आयआयटी मुंबई, दिल्लीचे एम्स आणि राजीव गांधी कॅन्सर संस्था, चंदीगडचे पीजीआय. सुरुवात डोके-मानेच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरपासून. तोंडाचा कॅन्सर डोके-मानेतच येतो.

हे ऐकून आमच्या शेजारच्या भाभींनी विचारले, "म्हणजे आपले फोटो कॉम्प्युटरवर जाणार? बेपर्दगी नाही का?" शंका रास्त आहे, हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काचेच्या चित्रात चेहरा नसतो, अंग नसतो. नुसते जांभळे-गुलाबी ठिपके असतात आणि संशोधनासाठी देताना नाव काढून टाकतात. आपला तुकडा संशोधनाला वापरणार का, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावा.

मुलींवरून आठवले. बायोलॉजी घेतलेल्या मुलीला घरचे म्हणतात, डॉक्टर हो, पण रात्रीच्या ड्युट्या, परके पुरुष, कसे जमेल? बाकीच्या शाखांबद्दलही हा सवाल आम्हाला पटत नाही. पण ज्यांना पटतो त्यांनी निदान पॅथॉलॉजीकडे पाहावे. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, उर्दूतही मिळते. एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी तीन. वाट लांब आहे, फीचा प्रश्न खरा आहे, सरकारी जागा मोजक्या आहेत. ज्यांची ओढ गणिताकडे आहे त्यांना दुसरे दार. त्या 46 हजार रेषा इंजिनीअरिंगच्या मुलांनी आखल्या, हे विसरू नये.

फूफींचे पुढे काय झाले? दुसऱ्यांदा तुकडा काढायला त्या तयार नव्हत्या. "एकदा कापलं, पुरे." पंधरा दिवस गेले समजावण्यात. शेवटी आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात नेले. या खेपेस आम्ही विचारले, "बाटलीत फॉर्मालिन आहे ना?" नर्सबाईंनी आमच्याकडे चमकून पाहिले आणि लेबल दाखवले. अहवाल कॅन्सरचाच आला, पण मानेच्या गाठींपर्यंत पोहोचलेला नव्हता. ऑपरेशन झाले. अलहम्दुलिल्लाह, आज त्या एका बाजूने चावतात, भाकरी दुधात कुस्करून खातात, आणि डबी सुनेने कुठे टाकली याची चौकशी अजून करतात. त्यांच्या काचा कोणत्याही एआयने वाचल्या नाहीत. एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी वाचल्या. त्यांना आम्ही कधी भेटलो नाही.

वाचकांना उपयोगी पडेल म्हणून एक गोष्ट सांगतो, जी आम्हाला आमच्या विद्यार्थ्याने सांगितली. अहवालाचा कागद जपतात तसे ब्लॉक आणि काचाही जपायच्या असतात. दुसरे मत घ्यायचे असेल, मुंबईला टाटाला जायचे असेल, तर नुसता कागद पुरत नाही. तिथे ब्लॉक आणि काचा मागतात. जिथे तपासणी झाली त्या लॅबकडे अर्ज करून त्या मिळतात, त्यांची पोच घ्यावी. मेणाचा ब्लॉक नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो, फक्त उन्हात ठेवू नये. फूफींचा ब्लॉक आमच्या कपाटात आहे, राशनकार्डाच्या पिशवीत.

पुढची तपासणी बकरी ईदनंतर आहे.